दिलकुशा कशाने पडली? लखनौच्या ओस कोठ्यांत तीन दिवस

लखनौला जाणारा मराठी माणूस बहुधा अयोध्या-काशीच्या वाटेवर एखादा दिवस तिथे थांबतो. इमामबाडा, भूलभुलैया, चिकनचे दोन कुर्ते, रात्री कबाब, की पुढची गाडी. गोमतीच्या काठाने विखुरलेल्या पडक्या कोठ्या, म्हणजे नवाबी काळातली मोठी घरं, या धावपळीत राहून जातात. रेसिडेन्सी निदान शालेय पुस्तकातून कानावर आलेली असते. दिलकुशा आणि मूसाबाग ही नावं मात्र रिक्षावाल्यालाही दोनदा सांगावी लागतात. ही सफर त्यांच्यासाठीच आखली होती, डिसेंबरच्या उत्तरार्धात.

मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेस लखनौ जंक्शनला पोचवते. त्याला खेटूनच चारबाग हे दुसरं स्टेशन आहे. दोन्ही इमारती शेजारी, नावं मात्र वेगळी, त्यामुळे परतीच्या तिकिटावर कुठलं स्टेशन आहे ते नीट वाचून ठेवा. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास रखडतात. पोचण्याच्या दिवशी सकाळचा काहीही बेत ठेवू नका. आम्ही ठेवला नव्हता म्हणून बरं, दुपार उजाडली होती.

पहिला दिवस: रेसिडेन्सी

पडक्या वास्तू बघायच्या तर सुरुवात रेसिडेन्सीपासून करावी. तोफेच्या गोळ्याने, बंदुकीच्या गोळीने आणि आगीने भिंतीचं काय होतं, ते इथे इतक्या जवळून दिसतं की पुढे कुठल्याही पडक्या भिंतीसमोर उभं राहिलं की नजर आपोआप तेच शोधू लागते.

सुमारे ३३ एकरांचं हे आवार. नवाब आसफुद्दौलाच्या काळात १७८० च्या सुमारास बांधकाम सुरू झालं आणि सआदत अली खानच्या काळात १८०० च्या आसपास पुरं झालं. म्हणजे इंग्रज रेसिडेंटचं, नवाबाच्या दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीचं, घर नवाबाच्या पैशाने उभं राहिलं. फेब्रुवारी १८५६ मध्ये कंपनीने अवध खालसा करून वाजिद अली शाहची रवानगी कलकत्त्याला केली आणि पुढच्याच वर्षी या आवाराचा किल्ला झाला. ३० जून १८५७ ला लखनौजवळच्या चिनहटला इंग्रजांचा पराभव झाला आणि वेढा पडला. आत जवळपास तीन हजार माणसं होती, त्यांत सातशेहून अधिक हिंदी शिपाई. ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आत शिरताना लागणारा बेली गार्ड दरवाजा ज्या तुकडीने लढवला, ती १३ व्या नेटिव्ह इन्फंट्रीची होती. पहिला वेढा ८७ दिवस चालला. सप्टेंबरच्या अखेरीस हॅवलॉक आणि औटरम हे इंग्रज सेनानी फौज घेऊन आत पोचले खरे, पण बाहेर पडण्याएवढी ताकद उरली नव्हती. तेही आत अडकले आणि आणखी दोन महिने गेले.

आता भिंतींकडे. ट्रेझरीची इमारत बघा. वेढ्याच्या काळात तिथे एन्फिल्ड बंदुकांची काडतुसं बनत. बंदुकीच्या गोळीने चुन्याच्या गिलाव्यात बशीएवढा उथळ खळगा पडतो, कडा उडालेल्या आणि मधोमध वीट पिचलेली. तोफेचा भरीव गोळा लागला की गिलावा परातीएवढा उडतो, आतल्या विटा मागे ढकलल्या जातात आणि भोकाच्या वरच्या अंगाला कमानीसारखी फट पडते. तोफेचे घाव एकाच अंगाला जास्त आणि ठरावीक उंचीवर असतात, कारण मारा ठरलेल्या जागांवरून होत होता. त्याच भिंतीच्या मागच्या बाजूला गेलात तर गिलावा बराचसा शाबूत दिसेल. दुपारी बारा वाजता गेलं तर हे खळगे दिसतच नाहीत, सपाट उन्हात सगळी भिंत एकसारखी भासते. उन्हं तिरपी हवीत, सकाळी साडेआठपर्यंत किंवा संध्याकाळी चारनंतर. आम्हाला संध्याकाळ मिळाली आणि त्या तासाभरात भिंत जणू बोटांनी चाचपता येईल अशी उठून आली. (प्रत्यक्षात हात लावू नका. सुटा गिलावा बोटाच्या धक्क्यानेही निघतो.)

मुख्य इमारतीच्या एका भागात संग्रहालय आहे. तिथलं आवाराचं छोटं प्रतिरूप आधी बघून घ्यावं. नाहीतर कुठली भिंत कुठल्या घराची, बँक्वेट हॉल कुठला, डॉक्टर फेररचं घर कुठलं, याचा पत्ता लागत नाही. मेजवान्यांसाठी बांधलेला बँक्वेट हॉल वेढ्यात रुग्णालय झाला होता. मुख्य इमारतीखालच्या तळघरात बायका-मुलांना ठेवलं होतं. वर अवधचा इंग्रज मुख्य आयुक्त सर हेन्री लॉरेन्सची खोली होती. चिनहटला गमावलेली इंग्रजांचीच आठ इंची तोफ वेढा घालणाऱ्यांच्या हाती लागली होती. १ जुलैला एक गोळा या खोलीत येऊन फुटला, कोणाला लागलं नाही. खोली बदला म्हणून सगळे मागे लागले, पण एकाच जागी दोनदा गोळा पडत नाही असं म्हणत लॉरेन्सने ते टाळलं. २ जुलैला दुसरा गोळा आला. ४ जुलैला तो गेला. मागच्या दफनभूमीत त्याची कबर आहे.

मनोऱ्यावर पुढे इंग्रजांचं निशाण रात्रंदिवस फडकत ठेवलं जाई, सूर्यास्तालाही उतरवत नसत. ते शेवटचं उतरलं १३ ऑगस्ट १९४७ च्या रात्री. बाहेर रस्ता ओलांडून नदीकाठी गेलं की १९५७ मध्ये उभारलेलं पांढऱ्या संगमरवराचं शहीद स्मारक आहे. एका बाजूला लॉरेन्सची कबर आणि दुसऱ्या बाजूला हे, मध्ये फक्त रिक्षांचा गोंगाट.

रेसिडेन्सीला दोन तास पुरत नाहीत, तीन ठेवा. मेट्रोने के. डी. सिंग बाबू स्टेडियम किंवा हजरतगंजला उतरून बॅटरी रिक्षा करावी. तिकीट फाटकावर क्यूआर कोडने निघतं, फोन चार्ज असू द्या. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत तिपाई लावायला वेगळी परवानगी लागते, ड्रोन तर आणूच नका.

दुसरा दिवस: दिलकुशा

सकाळी सातला हजरतगंजहून निघालो तेव्हा समोरच्या गाडीचे दिवे तेवढे दिसत होते. दिलकुशा छावणीच्या बाजूला, शहराच्या पूर्वेला आहे. नकाशावर नुसतं ‘दिलकुशा’ टाकलंत तर त्याच नावाची वसाहत, बाग, रस्ता असं बरंच काही समोर येतं, म्हणून ‘दिलकुशा कोठी’ असं पुरं नाव टाका. आजूबाजूला लष्करी हद्द आहे. वाटेत फाटकं, पाट्या, पहारेकरी यांचे फोटो काढू नका.

धुकं विरळ होत गेलं तशी आधी बुरुजांची टोकं दिसली, मग रिकाम्या खिडक्या. छप्पर नाही, मजले नाहीत. तीन मजल्यांच्या भिंती आणि त्यांतून आरपार दिसणारं आभाळ. खाली मात्र नीट राखलेली हिरवळ, फुलांचे ताटवे आणि मफलर गुंडाळून फेऱ्या मारणारी मंडळी. कोठीकडे मान वर करून बघणारं त्यांच्यात एकही कोणी नव्हतं.

ही कोठी १८०० ते १८०५ च्या दरम्यानची. बांधवून घेणारा गोर ऊस्ली, नवाब सआदत अली खानचा इंग्रज स्नेही आणि त्याच्या दरबारातला माणूस. पुढे इंग्लंडला परतून हा सर झाला आणि इराणात राजदूत म्हणून गेला. त्याने नवाबासाठी जो नमुना उचलला तो थेट इंग्लंडच्या उत्तर टोकाचा. नॉर्थम्बरलंडमधलं सीटन डेलाव्हल हॉल, वास्तुकार सर जॉन व्हॅनब्रू, बांधकाम १७१८ ते १७२८. समुद्रावरून येणाऱ्या गार वाऱ्यात उभं राहायला काढलेलं दगडी घर. त्याची नक्कल गोमतीच्या काठी उभी राहिली, जिथे मे महिन्यात लू वाहते.

आपल्या वाड्याशी ताडून पाहिलं की कोठी म्हणजे काय ते चटकन कळतं. वाडा आत बघतो. चौक मधोमध, खोल्या भोवती, रस्त्याकडे जाड भिंत आणि बारक्या खिडक्या. कोठी बाहेर बघते. चौक नाही, मधोमध दिवाणखाना आणि चहूबाजूंना उंच खिडक्या. वाड्यात उन्हाळा चौकामुळे निभावतो. कोठीत तो निभावायला पंखे ओढणारी माणसं, वाळ्याचे पडदे आणि तळघर लागतं. नवाब इथे राहत नव्हताच. शिकारीसाठी, हवा पालटायला, दोन-चार दिवस यायचं ठिकाण होतं ते. नासिरुद्दीन हैदरच्या काळात, म्हणजे १८२७ ते १८३७ दरम्यान, कोठीत फेरफार झाले. १८३० मध्ये याच आवारातून एका इंग्रजाने बलूनमधून उड्डाण केलं आणि सगळा दरबार बघायला जमला.

आणखी एक तारीख लक्षात ठेवून ही इमारत बघावी, १० नोव्हेंबर १८०१. त्या दिवशीच्या तहाने सआदत अली खानला जवळपास अर्धं राज्य कंपनीच्या पदरात टाकावं लागलं. त्याला गादीवर बसवलं होतं तेही इंग्रजांनीच, जानेवारी १७९८ मध्ये, आधीचा नवाब वझीर अली याला दूर करून. तो दरबार भरला इथून फार लांब नसलेल्या बिबियापूर कोठीत. (ती आज लष्करी हद्दीत आहे, परवानगीशिवाय जाता येत नाही. प्रयत्नही करू नका.) ज्यांनी गादी दिली आणि राज्य घेतलं त्यांच्याच धाटणीचं घर या नवाबाने आपल्या मौजेसाठी बांधून घेतलं. त्याला हौस म्हणावं की शहाणपण, हे ठरवणं अवघड आहे. माझा कौल शहाणपणाला.

आता जवळ जाऊ. पुढच्या अंगाला उंच खांबांचे अवशेष आहेत. लांबून दगडी वाटतात. दहा फुटांवर आलात की सोंग उघडं पडतं: आत वीट, वर चुना. ही लखौरी वीट. आपली आजची वीट नऊ इंच लांब, चार रुंद, तीन जाड. लखौरी जेमतेम इंच-दीड इंच जाड आणि सहा इंचांच्या आसपास लांब, भाकरीच्या तुकड्यासारखी. इतकी पातळ का, तर लहान भट्टीत आतपर्यंत सारखी भाजली जाते, आणि गोल खांब, कमान, कंगोरा असले आकार तिच्यातून काढणं सोपं जातं. जाड विटेला तोडून तोडून आकार द्यावा लागतो, पातळ विटा नुसत्या सरकवत रचल्या की गोलाई येते. विटेच्या दोन थरांमधला चुन्याचा थर कित्येक ठिकाणी विटेच्या निम्म्या जाडीचा आहे. या चुन्यात वाळूबरोबर सुरखी, म्हणजे भाजल्या विटांची भुकटी. शिवाय गूळ, उडदाची डाळ, बेलफळाचा गर. गुळाने चुना सावकाश आणि घट्ट धरतो, डाळ आणि बेल चिकटपणा देतात. वरचा गिलावाही थराथराने: आधी सुरखीचा जाडा हात, मग मऊ पांढरा हात, आणि पट्ट्या-कंगोरे काढायला ओल्या चुन्यावरून ओढलेला लाकडी साचा. एका मोडक्या कंगोऱ्यात हे थर पिठल्या-भाकरीसारखे एकावर एक स्पष्ट दिसतात. दगडाचं रूप चुन्याने आणणं ही लखनौच्या कारागिरांची खासियत होती आणि ऊस्लीने तिच्यावरच भिस्त ठेवली.

रेसिडेन्सी बघून आलेली नजर इथे तोफेचे घाव शोधते. लढाई इथेही झाली. १४ नोव्हेंबर १८५७ ला इंग्रजांचा सरसेनापती सर कॉलिन कॅम्पबेलने आलमबागेहून येऊन दिलकुशा घेतली. दोन दिवसांनी सिकंदरबागेत त्याच्या फौजेने शिपायांची भीषण कत्तल केली. १९ नोव्हेंबरपासून रेसिडेन्सीतून बाहेर काढलेली बायका-मुलं आणि जखमी इथेच आणले गेले, आणि २२ च्या रात्री उरलेली फौजही तिथून निघाली. हॅवलॉक अतिसाराने २४ नोव्हेंबरला दिलकुशाच्या आवारात गेला. त्याला पुरलं आलमबागेत आणि खूण म्हणून आंब्याच्या झाडावर इंग्रजी ‘एच’ कोरला. मार्च १८५८ मध्ये कॅम्पबेल पुन्हा आला आणि त्याचा तळ इथे पडला. लंडनच्या टाइम्सचा वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल याच कोठीच्या गच्चीवरून शहर न्याहाळत होता.

गच्चीवरून. म्हणजे मार्च १८५८ मध्ये गच्ची होती. माणसं वर चढून जात होती.

इथेच बहुतेक माहितीफलक आणि सगळे गाईड चुकतात. ‘अठराशे सत्तावनमध्ये इंग्रजांनी तोफांनी उडवली’ असं ठोकून सांगतात. भिंतींभोवती सावकाश फिरा. तोफेच्या गोळ्याचा परातीएवढा खळगा शोधून काढावा लागतो. सगळीकडे दिसतं ते वेगळंच. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत विटा खाल्ल्यासारख्या झाल्यात आणि मधला चुना मधमाश्यांच्या पोळ्यासारखा उभा राहिलाय. हा लोणा. जमिनीतली ओल क्षार घेऊन भिंतीत चढते, पाणी उडून जातं, क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली साचतात आणि फुगून विटेचं तोंड उडवतात. वर बघा, प्रत्येक मजल्याच्या पातळीला भिंतीत एका रांगेत खाचे आहेत. तिथे लाकडी तुळया टेकलेल्या होत्या. चुनेगच्चीची निगा ही दरवर्षीची, पावसाळ्याआधी भेगा बुजवायच्या, पन्हाळी साफ करायच्या. दोन-तीन पावसाळे हे चुकलं की पाणी तुळईच्या टोकाशी, म्हणजे नेमकं भिंतीच्या आत साचतं. तुळई मधून नाही, टोकातून कुजते, आणि एक दिवस गच्ची खाली येते. गच्ची ही नुसतं छप्पर नसते, ती समोरासमोरच्या भिंतींना धरून ठेवते. ती गेली की भिंती एकेकट्या पडतात. मग पिंपळ येतो. त्याचं मूळ आधी चुन्यात शिरतं, विटेत नाही, म्हणून भिंत थरावर सरळ रेषेत उकलते. या गावात तोफेचा दोष पावसाएवढा नाही, पण गोष्ट सांगायला तोफ बरी पडते.

गंमत अशी की ज्या मूळ घराची ही नक्कल, त्या सीटन डेलाव्हलचा मधला भागही १८२२ मध्ये आगीत जळून आतून पोकळ झाला. म्हणजे नक्कल उभी राहून वीस वर्षं होतात न होतात तोच अस्सल घर बिनछपराचं झालं होतं.

दिलकुशात काय सांभाळायचं: बुरुजांतल्या जिन्यांच्या पायऱ्या भिंतीतून बाहेर काढलेल्या आहेत, मधला आधार कुठे आहे कुठे नाही, तेव्हा उघडं दार दिसलं तरी चढू नका. उघड्या भिंतींच्या माथ्यावर पुरातत्त्व खात्याने चुन्याचा थर दिलाय, तो पाणी अडवण्यासाठी आहे, बसून फोटो काढण्यासाठी नाही. खालच्या जमिनीखाली तळघराच्या कमानी आहेत, खचलेल्या जागी पाय देऊ नका. भिंतींवर नावं कोरणाऱ्यांसाठी एवढंच: २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित वास्तूचं नुकसान करण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बदामाच्या चित्रासाठी महाग पडेल.

दुपार: कॉन्स्टान्शिया

दिलकुशा बघितली की त्याच दिवशी कॉन्स्टान्शिया, म्हणजे आजची ला मार्टिनियर शाळा, बघायलाच हवी, फरक त्याशिवाय कळत नाही. अंतर अगदी थोडं, धुकं नसेल तर एकीकडून दुसरं दिसावं इतकं. तोच काळ, तीच लखौरी, तोच चुना. क्लॉड मार्टिन हा १७३५ मध्ये लियाँ शहरात जन्मलेला फ्रेंच माणूस, कंपनीच्या फौजेत मेजर-जनरलपर्यंत चढला आणि नवाबांशी व्यवहार करून गब्बर झाला. कॉन्स्टान्शिया नावाची ही कोठी पुरी होण्याआधीच १३ सप्टेंबर १८०० ला तो वारला आणि मृत्युपत्राप्रमाणे तिच्याच तळघरात पुरला गेला. घरात कबर असली की नवाब ते ताब्यात घेणार नाही, असा हिशोब होता म्हणतात. १८५७ मध्ये त्याची कबर फोडून हाडं विखुरली गेली, नंतर पुन्हा गोळा करून पुरली. १८४५ पासून इथे त्याच्या पैशातून चाललेली शाळा आहे. वेढ्यात तिची साठेक मुलं आणि मास्तर रेसिडेन्सीत होते, निरोप पोचवणं, पंखे ओढणं, पहारा देणं असली कामं करत.

इमारत शाबूत आहे. सिंह आहेत, पुतळे आहेत, समोर तलावात सुमारे १२५ फुटांचा खांब आहे. कारण दोन. एक, खालच्या मजल्यांची छतं कमानींची आहेत, कुजायला तुळईच नाही. दुसरं, दीडशेहून जास्त वर्षं तिथे रोज पोरं येतात आणि गळतंय म्हणून कोणीतरी रोज तक्रार करतं.

ही चालू शाळा आहे. आधी कार्यालयात परवानगी घ्यावी लागते, वर्ग भरलेले असताना आत सोडत नाहीत, सुट्टीच्या दिवशी दुपारी जमण्याची शक्यता जास्त. ओळखपत्र बरोबर ठेवा. दिल्लीत बहादूरशाहाच्या मुलांना गोळ्या घालणारा हॉडसन ११ मार्च १८५८ ला हजरतगंजच्या बेगम कोठीत जखमी होऊन दुसऱ्या दिवशी मेला, त्याचं थडगं याच आवारात आहे.

तिसरा दिवस: चौक आणि मूसाबाग

सकाळी साडेसहाला चौकातल्या गोल दरवाज्यापाशी. लखनौची मक्खन मलाई थंडीतच मिळते, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आटवलेलं दूध आणि साय रात्रभर उघड्यावर दवात ठेवतात, पहाटे घुसळतात आणि वर येणारा फेस तेवढा काढून घेतात. केशर, वेलची, वर पिस्ते. द्रोण भरून घेतली तरी वजन लागत नाही आणि जिभेवर ठेवल्यावर चावायला काही उरत नाही. ऊन चढलं की फेस बसतो, म्हणून नऊनंतर जाण्यात अर्थ नाही. त्यानंतर निहारी-कुलचा. कुलचा गरम असतानाच मोडा, गार झाला की चामडं होतं.

मूसाबाग पश्चिमेला, हरदोई रस्त्याच्या अंगाला. शेवटचा टप्पा शेतांमधून जातो. रिक्षा जाता-येताची ठरवा, तिथून परतीला काही मिळत नाही. पाण्याची बाटली, पुरी पँट आणि घोट्यापर्यंतचे बूट हवेत. गवतात विटांचे तुकडे लपलेले असतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर महिनाभर सापांमुळे टाळावं हे बरं.

बाग आसफुद्दौलाची, कोठी सआदत अली खानच्या काळातली, १८०३-०४ ची. ती क्लॉड मार्टिनने बांधली असं सर्रास लिहिलेलं असतं, पण मार्टिन तेव्हा जाऊन तीन वर्षं झाली होती. नावाबद्दल तीन गोष्टी चालतात. ‘मस्यू’ (फ्रेंचमधलं ‘महाशय’) याचं मूसा झालं, पैगंबर मूसाच्या नावावरून पडलं, किंवा नवाबाने इथे घोड्यावरून मूस म्हणजे उंदीर मारला. पहिली पटते, तिसरी लक्षात राहते.

इथे दिलकुशाची चूक सुधारलेली दिसते. कोठीचा एक भाग उतारात खणून जमिनीच्या पातळीखाली नेलाय, खोलगट चौक आणि भोवती खोल्या. मागे मातीचा भराव, त्यामुळे भिंत तापत नाही. म्हणजे गोऱ्या धाटणीच्या कोठीत चौक परत आला, फक्त जमिनीखाली. डिसेंबरच्या थंडीतही त्या खड्ड्यात उतरल्यावर हवेतला फरक जाणवला, वर बोचरी आणि खाली स्थिर. पण ज्याने गारवा दिला त्यानेच घात केला. उतारावरचं पाणी खोलगट चौकातच येतं आणि खालच्या भिंतींना लोणा डोक्याच्या वरपर्यंत चढलाय. वर घुमटी असलेले दोन भाग तेवढे ताठ उभे आहेत.

लखनौतला अखेरचा मोठा सामना इथेच झाला. शहर पडल्यावर बेगम हजरत महलची माणसं मूसाबागेत जमली होती. १९ मार्च १८५८ ला औटरमने हल्ला करून ती जागा घेतली. बेगम निसटली, नेपाळात गेली, तिथेच १८७९ मध्ये वारली. तिची कबर काठमांडूला आहे.

कोठीपासून थोड्या अंतरावर एकटी कबर आहे. कॅप्टन वेल, पहिल्या शीख इररेग्युलर घोडदळाचा उभारणीकर्ता आणि प्रमुख, २१ मार्च १८५८ ला पळणाऱ्यांचा पाठलाग करताना मारला गेला. आसपासच्या गावांतले लोक त्याला कप्तान बाबा म्हणतात आणि नवस बोलून सिगारेट वाहतात. पेटवून, कबरीवर आडवी ठेवून. नवस मोठा असेल तर दारूही. आम्ही गेलो तेव्हा चौथऱ्यावर थोटकांची रांग होती, झेंडूची वाळली माळ होती आणि एक सिगारेट अजून धुमसत होती, वाहणारा कुठेच दिसत नव्हता. गर्दी बघायची असेल तर गुरुवारी जा. आणि वाहायचीच असेल तर ती चौथऱ्याच्या मधोमध ठेवा, डिसेंबरात भोवतालचं गवत पार वाळलेलं असतं.